पोट वाटीएवढं, आग्रह पातेल्याएवढा

...आणि वर मलाच विचारतात हो, "काय शरच्चंद्र, जेवण आवडलं नाही का?" अहो आवडलं! आवडलं म्हणून चार घास खाल्ले, नसतं आवडलं तर दोनच खाल्ले असते! तुम्हाला सांगतो, सात वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला. वजन कमी करायचं ऑपरेशन! डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग कापून काढून टाकला, एकशे बेचाळीस किलोचा मी ब्याऐंशीवर आलो, पण लोकांचा आग्रह कापायचा राहूनच गेला. पोट वाटीएवढं, आग्रह पातेल्याएवढा!

तक्रार नाही हं माझी. बिबवेवाडीतला आमचा तिसरा मजला मी न थांबता चढतो, बुटाची नाडी स्वतः बांधतो, रिक्षात बायकोशेजारी बसतो... पूर्वी ती मागच्या रिक्षानं यायची! पण पथ्यं? जन्माची! रोजच्या गोळ्या, अधूनमधून सुई, जेवताना पाण्याचा घोट नाही, एकेक घास तीस वेळा चावायचा, म्हशीनंही माझ्याकडून शिकावं. आणि गोड? नावच काढू नका! गोड भरभर पोटात गेलं की घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि अर्धा तास आडवं. आणि माझा धंदा काय? मार्केट यार्डात गुळाची आडत! हसा, हसा. ढेप फोडायची, खडा जिभेला लावायचा आणि थुंकायचा. समोरचं गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "का हो, माल बिघडलाय का?" माल झकास आहे हो, मालक बिघडलाय!

तर काय सांगत होतो... हां, ऋतुजाचं. आमची एकुलती एक मुलगी. खराडीला नोकरी करते, तिथेच ऑफिसात आमोद भेटला, जमलं. मुलगा सोन्यासारखा. घर मूळचं अमरावतीकडचं, आता पुण्यातच, वडील रंगराव देवमाणूस, पण घरात शब्द चालतो तो आजींचा. मालनबाई! वय ब्याऐंशी. म्हणजे माझ्या वजनाइतकं. आमच्या सौभाग्यवती, उल्का, मला आधीच बजावून मोकळ्या. "अहो, ऑपरेशनचं अवाक्षर काढू नका. आधी सुपारी फुटू दे. लोकांना वाटतं, बापाला आहे म्हणजे पोरीलाही होणार." मी मान डोलावली. लग्नाला तीस वर्षं झाली, मान कधी डोलवायची एवढं कळतं.

गेलो त्यांच्याकडे जेवायला. आता आम्ही पुण्याचे. आमच्याकडे पाहुणा "नको" म्हणाला की वाढणारा पुढच्या पानाकडे. काही घरांत तर "नको" म्हणायच्या आधीच! अमरावतीकडे "नको" म्हणजे "जरा दमानं वाढा". मी चार घास खाल्ले, पानावर हात आडवा धरला, तर मालनबाई हाताच्या फटीतून वाढतायत! "काहून जी इवाई, हात काहून थांबला? घ्या न जी, लाजून काय राहिले?" इवाई म्हणजे व्याही, म्हणजे मी! म्हटलं, "पोट भरलं." त्यांनी माझ्या भरल्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं... आणि पातेलं उचलून थेट आत निघून गेल्या. पोट वाटीएवढं, आग्रह पातेल्याएवढा, आणि राग? तो तर हंडाभर!

दुसऱ्या दिवशी ऋतुजा घरी आली ती चेहरा पाडूनच. "बाबा, आजी म्हणतायत, ज्या माणसाच्या घशाखाली आमचा घास उतरत नाही, त्याच्याशी सोयरीक कशी करायची? रविवारी परत बोलावलंय. बाबा, प्लीज... एक पोळी तरी." पोरीच्या डोळ्यांत पाणी हो! तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी पोट लहान केलं होतं, काळीज नव्हतं केलं. म्हटलं, ठरलं. रविवारी खायचं!

रविवारी ताटात काय? पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि वाटीत आंब्याचा रस. समोर मालनबाई, शेजारी ऋतुजा, पलीकडून उल्का डोळ्यांनीच "नको, नको" करतेय... अर्धी पोळी कशीबशी ढकलली. मालनबाई बघतायत. मग उचलली वाटी आणि डोळे मिटून एका दमात रिकामी केली! मालनबाईंचा चेहरा असा खुलला, की लगेच दुसरी वाटी पुढे. तीही प्यायलो! पोरीकडे बघून हसलो. आणि दहाव्या मिनिटाला... घाम! धडधड! ताट गोल, पंखा गोल, व्याही दोन-दोन! रंगराव फोन घेऊन पळतायत, "अँब्युलन्स! अँब्युलन्स!" आमोद माझे पाय वर धरतोय, आणि मी त्यांच्या दिवाणावर आडवा, "काही नाही, होतं असं..." म्हणतोय, पण ऐकतो कोण? शेवटी उल्काला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, वजन, गोड, सगळं!

मी डोळे उघडलेच नाहीत. म्हटलं, मोडलं! दोन वाट्या रसापायी पोरीचं लग्न मोडलं! तेवढ्यात कपाळावर खरखरीत हात आला. मालनबाई. "अरे बाप्पा! मंग सांगाले काय झालं होतं? मी तं समजली, याले आपलं घर नाही आवडलं. अन् हा माणूस पोरीसाठी जीवावर उदार होऊन रस पेला! अशा बापाची पोर मले पाहिजेच."

खरं सांगतो, मला तिथेच रडू आलं. सुपारीही त्याच दिवशी फुटली, मी दिवाणावर आडवा असताना! सगळं गोड झालं... म्हणजे, मला सोसेल इतपत.

पण तिथेच आमच्या ऋतुजानं घोळ घातला. मालनबाईंनी सहज विचारलं, "मंग डॉक्टर काय म्हणते, कसं खायाचं?" आणि ही आनंदाच्या भरात सांगून बसली, "थोडं थोडं, आजी, पण दिवसातून सहा वेळा." मालनबाईंचे डोळे लकाकले हो! "सहा वेळा?"

झालं! तेव्हापासून आमोद रोज येता-जाता डबा टाकतो, आणि मालनबाईंचा फोन येतो. दिवसातून सहा वेळा! म्हणजे पूर्वी आग्रह वर्षाकाठी चार लग्नांत व्हायचा, आता... थांबा हं, आलाच. "हॅलो... हो, मालनबाई... हो, उघडला डबा... नाही हो, अर्धीच भाकरी खातो. अर्धी... अहो, पोट वाटीएवढं आहे..."

आयुष्यभर यार्डात भाव केला हो मी, कधी एका पैशानंही मागे सरलो नाही.

"...बरं. पाऊण."