कॅमेरा चालतो का, एवढंच बघायचं होतं

...नाही, मला सांगा, माझं काय चुकलं? कॅमेरा चालतो का, एवढंच बघायचं होतं! सव्वीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले हो या हातांनी, आणि मालकानं एका सोमवारी दुकानाला कुलूप घातलं ते घातलंच. तीन महिने मी घरात नुसता येरझाऱ्या घालतोय. मग एका कंपनीत जागा निघाली, लॅपटॉपवर गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलायचं, फ्रिज का कुरकुरतो ते घरबसल्या सांगायचं. म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम! मुलाखत अकराला, तीही लॅपटॉपवरच. मुलीनं तिचा जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवर बजावलं, "बाबा, आधी कॅमेरा तपासा हं. लाल बटण दाबा, दोन मिनिटं बोला, मग बघा स्वतःला."

दाबलं. बोललो. आणि काय बोललो म्हणता! "गिऱ्हाईक ओरडलं तरी आपण ओरडायचं नाही. आधी विचारायचं, फ्रिज भिंतीला टेकलाय का?" अगदी छाती काढून! मग लावून बघितलं आणि तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे मी बरा दिसत होतो, टक्कल जरा चमकत होतं ते सोडा. पण माझ्या मागे? स्वयंपाकघराच्या दारात? आमची ही! हातात झारा, मी बोट वर केलं की हिचा झारा वर, मी छाती फुगवली की... अहो, शब्द न् शब्द! आणि माझ्याबरोबर नाही, माझ्या आधी! मी "भिंतीला" म्हणायच्या आत हिचे ओठ "भिंतीला" म्हणून मोकळे!

तीनदा बघितलं. अहो, त्याच खुर्चीत मी सत्तावीस वर्षं दाराकडे पाठ करून बसतोय... म्हणजे इतकी वर्षं?

"अगं, हे काय?"

ती बघून खालीच बसली, पोट धरून. "अहो, रोज संध्याकाळी तेच सांगता. पाठ झालं, मी काय करू?"

"आणि ही नक्कल?"

"ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

दुसऱ्या वर्षापासून! आणि मी चार लोकांत सांगत फिरतोय, आमची ही किती मान देते, मी बोलताना चकार शब्द काढत नाही! वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू. कॅमेरा चालतो का, एवढंच बघायचं होतं!

खुर्ची फिरवावी तर लॅपटॉपची वायर पुरेना, आणि बॅटरी केव्हाच मेलेली. शेवटी तिला शपथ घातली, दारात यायचं नाही म्हणून.

अकरा वाजले. मुलीच्या वयाच्या मॅडम. "काका, गिऱ्हाईक म्हणतं, फ्रिज दिवसभर थरथरतो. काय सांगाल?" अहो, झोपेत सांगेन! पण डोकं कोरं! कारण नजर सगळी पडद्याच्या कोपऱ्यात मी दिसतो त्या चौकोनात, माझ्या मागच्या दारावर. आणि आलीच ती! चिडणार होतो, पण बघतो तर चेहरा पांढराफटक, माझ्यापेक्षा तीच घाबरलेली, आणि दोन्ही हातांनी हवेतला फ्रिज ओढतेय, चार बोटं दाखवतेय...

"भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा!" मी ओरडलोच. ती खाली वाकली. "पाय डगमगतात का बघा!" तिनं हवेत कागद धरून ओढला. "दाराच्या रबरात कागद धरा, सैल निघाला तर रबर गेलं!"

मॅडम हसल्या. म्हटलं, जिंकलो! तर म्हणतात, "काका, मागच्या काकूंना जरा पुढे बोलावता?"

झाऱ्यासकट बसली. मॅडमनी विचारलं, "गिऱ्हाईक तावातावानं बोलतच सुटलंय. काय कराल?"

ही शांतपणे म्हणते, "काही नाही. ऐकून घ्यायचं. दमलं की फ्रिजकडे वळायचं. सवय आहे मला."

नोकरी लागली. कुणाला, ते विचारू नका.

आता ती खुर्चीत आणि मी दारात, झारा घेऊन. परवा म्हटलं, आपणही एकदा उट्टं काढू. ती "चार बोटं" म्हणायला लागली, मी मागून मान वेळावली, झारा नाचवला... तर पलीकडचं गिऱ्हाईक घाबरलं! "ताई, तुमच्या मागे एक गृहस्थ कसेतरीच करतायत, बरे आहेत ना?"

आणि ही? वळूनसुद्धा बघितलं नाही हो!

"बरे आहेत," म्हणाली. "कॅमेरा चालतो का, एवढंच बघतायत."