बेचाळिसाव्या गोलातली नवी जात

...तर हातमोजे मी घातले होते हो, तुम्हाला सांगते, सहा दिवस सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत घातले होते. नववीच्या मुलांनी दोन आठवडे कुठंतरी काम करून बघायचं असा आमच्या शाळेचा नियम. मैत्रिणींनी बेकरी गाठली, केस कापायचं दुकान गाठलं, आणि मी आले जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावरच्या प्रयोगशाळेत, जेलीफिश ओळखायला.

ओळखायची म्हणजे बघून ओळखायची, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. पण लहान असताना सगळ्या सारख्याच दिसतात, नुसता पाण्याचा थेंब. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पोलादी पाटीवरच्या बारीक गोलात ठेवायचा, वर आम्लाचा थेंब सोडायचा, पाटी मशीनमध्ये सरकवायची. मशीन त्यातली प्रथिनं तपासतं, आपल्या यादीशी ताडून बघतं आणि नाव सांगतं. शहाण्णव गोल, शहाण्णव नावं. माझं नाव मात्र सहा दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. "ए शाळा, दार लाव." "चिमटा कुठंय, शाळेला विचार." मी दार लावायचे, चिमटा द्यायचे.

जेवायला सगळे खिडकीजवळच्या टेबलाशी. पाच माणसं, पाच खुर्च्या. मी बाटल्यांच्या कपाटापाशी उभी, हेरिंग माशाचा पाव खात. सातव्या दिवशी हातमोजा काढून खात होते तर शेजारची पाटी घसरायला लागली, मी अंगठ्यानं थोपवली. क्षणभरच. सांगायला हवं होतं, मान्य... पण मशीन चालवणाऱ्या हार्म्स बाई ती उचलून गेल्यासुद्धा.

तासाभरानं बाईंची हाक. "डॉक्टर, बेचाळिसावा गोल बघा. प्रथिनं भरपूर, आणि यादीत कुणाशीच जुळत नाहीत."

"परत लावा."

परत लावलं. तेच.

"नवी जात दिसते हो बाई. या नमुन्याचं जाळं कुणी ओढलं होतं?"

"शाळेनं."

मग सहावी खुर्ची आली. इतके दिवस कुठं होती कुणास ठाऊक. मला टेबलाशी बसवलं, लाल फळांची खीर दिली, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर त्यार्क्स म्हणाले, "पोरी, नजर आहे हं तुला." मी काही बोलले नाही. खीर संपेपर्यंत तर नाहीच नाही.

तेवढ्यात हार्म्स बाईंनी घरी फोन लावला. "अरे फोक्को, आई उद्याच्या बोटीनं येत नाहीये. हो रे, तुझा वाढदिवस आहे, माहितीये मला. पहाटे पुन्हा जाळं टाकायचंय... रडू नकोस ना राजा." आणि बाईंनी आमच्याकडं पाठ केली.

आता तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? खुर्ची होती हो ती. पाठ टेकायची.

"तो माझा अंगठा आहे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही, तेच वाईट. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "म्हणजे नवी जात आठवडाभर दार लावत होती." मग म्हणाले, "चल, आता मुद्दाम टेकव. यादीत नोंद असली म्हणजे पुन्हा फसायला नको." मी टेकवला. नोंद लिहिता लिहिता ते थांबले. "नाव काय गं तुझं?" "विब्के," मी सांगितलं.

हार्म्स बाई बोटीनं गेल्या. दुसऱ्या दिवशी सहाव्या खुर्चीवर बाटल्यांचं खोकं होतं, मी आपली कपाटापाशी.

पण अंगठा कुणाचाही असो, मशीनला सारखाच. काल डॉक्टरांनीच चुकून पाटीला बोट लावलं, आणि पडद्यावर आलेलं मोठ्यानं वाचलं, "विब्के."

मी हातातला पाव टाकून धावले. "काय, डॉक्टर?"

"तुला नाही गं," ते म्हणाले. "दार लाव जाताना."