शिट्टीवाली गेली कार्लाइलला

नाही, पण मी म्हणतो, सभ्यपणाला काही मर्यादा? तक्रार नाही हां माझी, दिवस झकास गेला, ऊन होतं, अंड्याची सँडविचं होती... पण तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं मी त्या एका इंजिनाच्या मागे आहे! जुनी डिझेल इंजिनं, त्यातल्या या आमच्या शिट्टीवाल्या, नुसत्या उभ्या असल्या तरी शीळ घालतात. भंगारातून वाचल्या तेवढ्या सगळ्या माझ्या वहीत आहेत, खाली लाल रेघ मारून. एक सोडून. नंबर एकशे एक्काहत्तर! आणि नियम म्हणजे नियम, नुसतं बघून चालत नाही, तिने तुम्हाला ओढलं पाहिजे. आणि मी तिकीट काढलं की हिचं दुखणं निघालंच! कधी पाणी गळतंय, कधी पंखा मोडलाय...

तर शनिवारी सहलीची खास गाडी, क्रूहून कार्लाइलला, आणि हेलिफील्डला इंजिन बदलून पुढे कोण? एकशे एक्काहत्तर! माझ्या मित्राचं, आमच्या बॅरीचं, तिकीट ऐनवेळी मोकळं झालं, म्हणून बायकोला म्हटलं, ग्लेनिस, चल. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा आली, तीही विणकाम घेऊन! बसते न बसते तोच, "क्लिफर्ड, खिडकी लाव बघू, वारा येतोय." पहिल्या डब्यात! जिथे इंजिनाचा आवाज ऐकावा म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढायला माणसं पहाटेपासून रांग लावतात! लोक माझ्याकडे असे बघायला लागले... पण तक्रार नाही माझी.

हेलिफील्डला ग्लेनिस सोडून सगळा डबा खाली उतरला, फोटोला. मी एकशे एक्काहत्तरचा फोटो काढला, तिच्या अंगाला हात लावला. ड्रायव्हर म्हणाला, "आज ठणठणीत आहे हो आजोबा!" डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू? मग दाराशी येतो तर समोरून दुसरा एक जण, डेस्मंड, नाव नंतर कळलं. मी म्हटलं, "माफ करा, आधी तुम्ही." तो म्हणतो, "छे छे, माफ करा, तुम्हीच आधी होतात." "नाही हो, तुमच्या हातात एवढं सामान." "अहो, पण तुमचं वय..." "माझं वय?" "माफ करा, तसं नव्हतं म्हणायचं." "नाही नाही, माझंच चुकलं, चढा तुम्ही." आता गार्डने बिचाऱ्याने काय समजायचं? त्याला वाटलं, दोघं एकमेकांचा निरोप घेतायत! धाडकन दार लावलं, हिरवा बावटा, शिट्टी, आणि... गेली की हो!

आणि काय आवाज काढला हो तिने! पुढे चढ आहे ना, दिसेनाशी झाली तरी डोंगरातून घुमतेय... आम्ही दोघं टोप्या काढून उभे. डेस्मंड म्हणाला, "माफ करा हं." म्हटलं, "छे हो, मीच माफी मागतो." मग पिशवीतली सँडविचं अर्धी अर्धी खाल्ली. तक्रार करून करणार कोणाकडे?

पुढची साधी दोन डब्यांची गाडी धरून कार्लाइलला पोचलो, तर इंजिन गेलंसुद्धा! कुठे? वर्कशॉपात, मोठ्या दुरुस्तीला. दोन वर्षं! आणि फलाटावर ग्लेनिस. धुराने तोंड काळं, केस उभे, डोळ्यांवर कोणाचा तरी चष्मा, मोटारसायकलवाले घालतात तसला, आणि भोवती वीसेक माणसं तिचं अभिनंदन करतायत! "क्लिफर्ड! कुठे तडमडला होतास? अरे, चढावर काय ओरडली ती! छातीत धडधडत होतं माझ्या! पंचाहत्तर मैल खिडकीतून हलले नाही मी!" विणकाम? एक टाका नाही!

जीव जळला हो माझा, अगदी जळला. पण परतीच्या गाडीत क्रू स्टेशन येईपर्यंत ती बोलत होती, इंजिनावर, माझ्याशी! कुठल्या वळणावर काय आवाज आला, बोगद्यात कसा, पुलावर कसा... मी नुसता ऐकत बसलो, आणि तुम्हाला सांगतो, इतक्या सुखात मी कुठल्याच इंजिनामागे बसलो नव्हतो.

घरी आल्यावर तिने वही विकत आणली. स्वतःची! पहिल्या पानावर एकच नंबर, खाली लाल रेघ. मीही हरखलो, म्हटलं, "ग्लेनिस, दोन वर्षांनी ती दुरुस्त होऊन येईल, तेव्हा दोघं मिळून जाऊ."

तर वहीतून मान वर न करता म्हणते कशी, "मी कशाला? माझी झालीय ती. तू ये जाऊन."