फोन वाजलाच नाही

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या हातात मासिक होतं, पण कान शेजारच्या मावशी-भाच्याकडे.

"मावशी, सकाळी वस्तीचं टीव्ही चॅनल कुणी सुरू केलं?"

"मी! एकटीनं, चॅनल चालवायच्या तुझ्या सॉफ्टवेअरची तू लिहिलेली वही समोर ठेवून."

"मागच्या वेळी तर पहिल्याच पानावर अडली होतीस."

"अडणारच! मशीन चालू करा, हेच तू लिहिलं नव्हतंस."

"माझं मशीन कधी बंदच नसतं गं."

"म्हणून तर या वेळी वहीत काय काय हवं, ते आधी मी सांगितलं."

"आणि नेहमीसारखा मध्येच आवाज गेला असेल ना?"

"गेला. पान नऊ उघडलं, परत आणला. बातम्या अगदी वेळेवर!"

"तू अडलीस की फोन करशील म्हणून मी सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो."

"बस की! आता वही वाटायची ना?"

"सॉफ्टवेअरसारखीच, मागेल त्याला फुकट."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या, पण मावशींपुढेच थांबल्या.

"आमच्या वस्तीला मिळेल का हो? पण मला ते चॅनलचं मशीन चालूसुद्धा करता येत नाही."

मावशींनी पिशवीतून वही काढली.

"पान एक."