शुक्रवारचा फोन

सौदीतल्या जुबैलला कंपनीच्या बससाठी उभ्या असलेल्या उमैरच्या मागे दोन वेल्डर मराठीत बोलत होते.

"तुझ्या वडलांच्या हाताचं कळलं. रायफल फुटली म्हणे?"

"हो. शिकारीची काडतुसं ते घरीच भरायचे. एकात दारू दोनदा पडली."

"एवढा जाणता माणूस चुकला कसा?"

"मलाही त्यांनीच शिकवलेलं. पहिला धडा हाच, की दारू मापताना कुणाशी बोलायचं नाही. दारात सरपंच आला तरी ओ द्यायचे नाहीत."

"मग?"

"शुक्रवारची सुट्टी होती. मी फोन केला."

रांग पुढे सरकली. उमैर सरकायचा विसरला.

"त्यांनी उचलला?"

"लगेच. मी विचारलंसुद्धा, बाबा, कामात आहात का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, छे रे, रिकामाच बसलोय. बोल तू."