सड्यावरचं गाऱ्हाणं

सड्याचं शेवटी काय ठरलं ते ऐकायचं असेल, तर आधी चहा ओता. तो कातळाचा सडा आमच्या आणि शेजारच्या गावाचा सामाईक. आमच्या सरपंच वहिनींना तिथे पर्यटकांच्या गाड्या लावायला जागा हवी होती, शेजाऱ्यांना गुरं चरायला आणि पोरांना खेळायला. दोन्ही पंचायतींनी सभा सड्यावरच घेतली. ग्रामसेवक सुरुवात करणार, तेवढ्यात शेजारगावचे तात्या म्हणाले, "आधी देवाक गाऱ्हाणा घालुया."

त्याला कोण नाही म्हणणार? सगळे हात जोडून उभे राहिले. तात्यांनी देवाकडे मागणं मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, ही आमच्याकडची रीत.

"बा देवा म्हाराजा, आज ही दोन गावांची लेकरां तुझ्यापुढे जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"त्यांच्यात भांडण होवूक देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"आणि हो सडो गोरवांक आणि पोरांक असोच मोकळो रवांदे."

"व्हय म्हाराजा," आम्हीही म्हणालो. जन्माची सवय, तोंड थांबतंय कुठे.

तात्या आरामात खाली बसले. "झाला. देवासमोर ठरला. आता ठराव लिवा."

ग्रामसेवकांनी पेन उघडलं. देवापुढे दिलेला होकार मागे घ्यायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. वहिनी मात्र उठल्या. गाऱ्हाणं घालणारी बाई आम्ही कधी पाहिली नव्हती. त्यांनी पदर सावरला, डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, रस्त्याकडचो कोपरो तेवढो गाड्यो लावूक मिळांदे."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज तात्यांचा होता.