कमरेएवढं पाणी

मी देवबागचो. आता ताई, तुम्ही पुण्याच्या, म्हणून तुमच्याशी बोलताना जीभ जरा सरळ करून बोलतो, पण मध्येच मालवणी येणारच, तेवढी समजून घ्या. देवबाग म्हणजे काय सांगू तुम्हाला, एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची ही एवढीशी पट्टी, तिच्यावर माड आणि माडांखाली आम्ही. बापूस रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जायचा, आवस मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मालवणच्या बाजाराला. आम्ही पाच भावंडं, मी तिसरा, आणि सगळ्यांत बुटका. घरात बुटको, शाळेत बुटको, किनाऱ्यावर पण ए बुटक्या, दोरी धर. इतकी सवय झालेली की शाळेत हजेरीला खरं नाव पुकारलं तर मी गप्पच बसायचो. हे बुटकेपण सांगतो ते उगाच नाही, त्याच्यामुळेच सगळं झालं असं मी आजवर धरून बसलोय.

शेजारच्या घरात भालू. माझ्याच वयाचा, पण ताडमाड, हात असे गुडघ्यापर्यंत. त्याचा बापूस तो चार वर्षांचा असताना होडीसकट गेला, होडीही मिळाली नाही आणि माणूसही. आवशीने, म्हणजे रकमाकाकीने, सुकी मासळी विकून त्याला वाढवला. एकुलता एक. दर्याने नवरा नेलेला, तरी पोराला पाण्यापासून अडवणार कशी, घराची पायरी उतरली की पाणीच. भालू सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओढीतनं खाडीचं तोंड आडवं कापून पलीकडे जायचा आणि हसत परत यायचा. एक वाईट खोड होती मात्र. पाण्यात पालथा पडून मेल्यासारखा तरंगत राहायचा. आम्ही घाबरून ओरडलो की डोकं वर काढून फिदीफिदी हसायचा. मी किती वेळा फसलोय त्याला गणती नाही.

आम्ही दोघं चालत मालवणला हायस्कुलात जायचो. अजून मुंबई राज्य होतं, महाराष्ट्र व्हायचा होता, त्या सुमाराची गोष्ट. आमचे ड्रिलमास्तर घाटावरचे, त्यांना पोहता येत नव्हतं, पण भालूला बघून वेडेच झाले. म्हणाले, अरे देशभरातल्या शाळांच्या पोरांचे खेळ भरतात, धावणं, उड्या, कबड्डी, पोहणं, एकेका राज्याची पोरं येतात, तू तिथे गेला पाहिजेस. मग आधी रत्नागिरीला खाडीत पोहायला लावलं, मग कोल्हापूरला तळ्यात. भालू दोन्हीकडे पहिला. मी कोल्हापूरला तिसरा आलो, पण दुसरा आलेला पोरगा तापाने पडला म्हणून माझं नाव लागलं. म्हणजे बघा, मी जाणारच नव्हतो. तो ताप आला नसता तर मी घरीच असतो.

मास्तरांनी आम्हाला सुरुवातीची उडी शिकवली. पुस्तकात बघून शिकवली, बिचाऱ्याने. ओट्यावर वाकून उभं राहायचं, शिट्टी झाली की सपाट पडायचं, खोल जायचं नाही. मालवणच्या धक्क्यावरून करून घ्यायचे. माझी जमली. भालूला मात्र होडीच्या नाळीवरून, पुढच्या टोकावरून, सूर मारायची सवय, डोकं खाली, सरळ तळाकडे. मास्तर म्हणायचे, सपाट रे, सपाट, आणि भालू म्हणायचा, होय मास्तर, आणि परत तसाच.

जायच्या आधी रकमाकाकी देवळात कौल लावायला गेली. तिने मला बरोबर नेलं, भालूला सांगू नको म्हणाली. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे चिकटवले. डावा पडला. नको जाऊ असा त्याचा अर्थ. काकी म्हणाली, परत लाव. गुरव म्हणाला, एकदा दिलेलो कौल परत कित्याक मागतंस? तरी तिने लावायला लावला. दुसऱ्या वेळी एकही कळा पडला नाही. आम्ही उभेच. सावली सरकून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली, पण कळे जागच्या जागी. शेवटी गुरवच म्हणाला, जा गो घराक.  घरी आल्यावर मास्तर बसलेले, कागदावर अंगठा घ्यायला. देशात नाव होईल तुमच्या मुलाचं, असं बोलत होते. तिने अंगठा दिला. मग माझा हात धरून म्हणाली, बुटक्या, तू तेच्या वांगडा रव. तेका एकटो सोडू नको. मी म्हटलं, नाय सोडूचंय.

मास्तर आम्हाला घेऊन निघाले. कणकवलीला एसटी बदलली, फोंड्याचा घाट चढून कोल्हापूर, तिथून मिरज, मिरजेला राज्याची बाकीची पोरं भेटली, आणि मग दोन दिवस आगगाडी दक्षिणेला. त्या शहराचं नाव मी घेणार नाही. पन्नासाच्या वर वर्षं झाली, मी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. गाडीत आम्हाला राज्याचे कोट दिले, भालूला बरोबर बसला, माझा गुडघ्यापर्यंत. सगळे हसले, भालू सगळ्यांत जास्त. पण दुसऱ्या दिवशी त्याचं हसणं गेलं. खिडकीतून बाहेर नुसता तांबडा कोरडा मुलूख, पाण्याचा टिपूस नाही. मला म्हणाला, बुटक्या, हंय लोक पोहतत तरी खंय रे?

पोचलो त्या संध्याकाळी मास्तर कागदपत्रं करायला कचेरीत गेले. जाताना बजावून गेले, मी येईपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. बाकीचे जेवायला बसले. भालूचं डोकं दुखत होतं, तो पडून राहिला, आणि मला म्हणाला, तू बघून ये, टाकी कशी आसा ती. आम्ही दोघांनीही पोहायची टाकी कधी बघितली नव्हती.

मी गेलो. काय सांगू तुम्हाला, असं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. आमचं पाणी हिरवं, गढूळ, त्यात हात घातला तर हात दिसत नाही. हे काचेसारखं. तळाच्या पांढऱ्या फरशा एकेक मोजता येत होत्या. पण तळ जवळ आहे की लांब, काही कळत नव्हतं, हलत होता नुसता. एका कोपऱ्यात जाड नळातून धो धो पाणी पडत होतं. मला वाटलं, असंच असेल, झऱ्यासारखं. मीच येड्यासारखा बघत उभा.

तिथला राखणदार आला, म्हातारा, उघडा, कमरेला पंचा. त्यांच्या भाषेत माझ्याशी काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान हलवली. तो परत बोलला, मोठ्याने. टाकीकडे बोट केलं आणि मग हात असा आडवा करून स्वतःच्या कमरेला लावला. एवढं, एवढं. मग माझ्याकडे बघून जोरजोराने मान हलवली, नाही, नाही. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, तो माझ्या उंचीवर बोलतोय. एवढास्सो पोरगो, तू काय पोहणार, असं. जन्मभर सगळे तेच बोललेले, हा परमुलखातला म्हातारा पण तेच बोलतोय. मी हसलो. त्याला हात जोडले आणि परत आलो. भालूने विचारलं, कशी आसा रे? मी म्हटलं, स्वर्ग आसा मेल्या. तळापर्यंत दिसता. पाणी किती आहे, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नंतर कळलं ते असं, की टाकी धुवायला रिकामी केली होती आणि विहिरीतून पाणी भरणं चालू होतं, रात्री नळ बंद ठेवायचे, भरायला अजून एक दिवस लागणार होता. मास्तर ते ऐकून आले होते, पण उशीर झाला, आम्ही झोपलेलो, त्यांना वाटलं सकाळी सांगू.

सकाळी फटफटलं तसा भालू उठला. मला हलवून म्हणाला, चल, एकदा बघून तरी येवया. मी म्हटलं, मास्तर उठूंदेत. तो म्हणाला, पाण्यात नाय उतरूचंय, नुसता बघूचा आसा. बाहेर रस्ता झाडून चुना टाकलेला, पताका लावलेल्या, चिटपाखरू नाही. राखणदार पण कुठे दिसला नाही. नळ परत सोडलेला, धो धो चालू. भालू टाकीच्या कडेला उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं, ताई, की मला भीतीच वाटली. एवढ्या दिवसांनी पाणी दिसलं होतं त्याला. सदरा काढला. मी म्हटलं, भालू, मास्तर सांगून गेलेत. तो ओट्यावर चढला. मी म्हटलं, सपाट पड हां. तो म्हणाला, होय मास्तर. आणि होडीवरून मारतात तसा सूर मारला, डोकं खाली.

आवाज फार झाला नाही. पाणी हललं, मग थांबलं, आणि भालू पालथा तरंगत वर आला. मी कडेवर बसलो आणि हसायला लागलो. त्याची ती खोड. मी म्हटलं, पुरे रे मेल्या, इतक्या लांब येऊन पण तेच? तो हलला नाही. मी अजून थोडं हसलो. ते हसणं माझ्या कानातून जात नाही. मग पाणी जरा तांबूस दिसलं आणि मी उडी टाकली, पाय खाली करून, आणि माझे पाय धाडकन फरशीला लागले. मी उभा राहिलो. पाणी माझ्या कमरेला होतं. ताई, मी तिथे उभा, पाणी कमरेला, आणि तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा हात समजला.

भालूला उताणा केला. डोळे उघडे होते, मला बघत होता. कपाळ फुटलेलं. म्हणाला, बुटक्या, माझे हात खंय आसत? मी त्याचा हात पाण्यातून वर काढून त्याला दाखवला. ह्यो बघ, म्हटलं. तो म्हणाला, तो माझो नाय.

इस्पितळ मैदानाला लागूनच होतं. मानेचं हाड. मास्तर भिंतीला डोकं लावून उभे होते, त्यांनी आपल्यावरच घेतलं सगळं, मी रात्रीच उठवायला हवं होतं म्हणाले, आणि मी त्यांना म्हाताऱ्याचं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी खेळ सुरू झाले. बँड वाजला. पोहण्याची शर्यत लागली तेव्हा कर्ण्यावरून आमची दोघांची नावं पुकारली, वेडीवाकडी, त्यांच्या उच्चारात, तीन वेळा. मी भालूच्या खाटेशी खाली जमिनीवर बसलेलो. वरून भालू म्हणाला, तुका बोलवतत. मी म्हटलं, बोलवूंदेत.

दीड महिन्याने त्याला फळीवर बांधून घरी आणला, शेवटचा टप्पा होडीतून. रकमाकाकी किनाऱ्यावर उभी होती. मला वाटलं, आता ही माझी मान धरणार, तू काय बघत होतंस म्हणून. तिने भालूच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग दृष्ट काढतात तशी माझ्यावरून बोटं मोडली, कडाकडा. म्हणाली, तू होतंस म्हणान माझो झील जिवंत इलो. सगळा वाडा ऐकत होता.

मी शाळा सोडली. रापणीवर जायचो आणि दोन्ही वेळा भालूकडे. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, पेज भरवायची, दाढी करायची. पाठीला जखमा झाल्या, त्या धुवायच्या. एक दिवस दाढी करताना मी त्याला सगळं सांगितलं. म्हातारा, त्याचा हात, माझं हसणं. वस्तरा बाजूला ठेवून सांगितलं. भालूने वाशांकडे बघत सगळं ऐकलं. मग म्हणाला, आवशीक सांगू नको. मी विचारलं, कित्याक? तर म्हणाला, ती तुका घरात घेवची नाय. मग माझी दाढी कोण करतलो? आणि म्हणाला, अर्धीच झाली हा, पुरी कर. मी म्हटलं, नाय सांगूचंय, आणि पुरी केली.

चौदा महिने काढले त्याने. श्रावणात गेला.

काकी पुढे पुष्कळ जगली. माझं लग्न तिनेच जमवलं, माझ्या पोरांना तिनेच न्हाऊमाखू घातलं, आणि जो येईल त्याला सांगायची, ह्या बुटक्यान माझ्या भालूक सांभाळल्यान.  नऊ-दहा वर्षं मी ते सोसलं. मग एका दुपारी ती अंगणात सुके सोडे निवडत बसलेली, मी समोर बसलो आणि बोलून टाकलं. ती निवडत राहिली. संपल्यावर म्हणाली, हात खंय लावल्यान ता दाखव. मी उठून उभा राहिलो आणि दाखवलं. ती बघत राहिली, इतका वेळ की मला हात खाली घ्यायचं सुचेना. मग म्हणाली, जेवलंस? मी म्हटलं, नाय. तिने उठून भात वाढला.

त्या दिवसापासून माझी तारीफ तिच्या तोंडून कुणी ऐकली नाही. माझ्यावरून बोटं मोडली नाहीत. पण ताट वाढायचं पण थांबवलं नाही, शेवटच्या दिवसापर्यंत. तिला अग्नी मीच दिला, दुसरं होतंच कोण. भालूला दिलेला शब्द मी मोडला, ते बरं केलं की वाईट, माका अजून कळूक नाय. ती जाताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, मी कान जवळ नेला, पण कळलं नाही.

आता गुडघे गेलेत, दर्यावर जात नाही. नातवंडं मुंबईला. तुम्हाला सांगून जरा हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसा काय वाटूक नाय. असूंदे. तुम्ही एवढ्या लांबून आलात, बसून ऐकलंत, तुमच्या पोरांबाळांक आवुक्ष मिळांदे. ती जिथे कुठे जातील तिथून धडधाकट घरी येवंदेत. निघा आता, भरती लागली, होडीवालो थांबूचो नाय.